शिडाची सफर: राजपुरी की गेटवे?

शिडाच्या होडीत एकदा तरी बसायचंय, असं कुणी म्हणालं की माझ्यासमोर दोन पर्याय येतात. मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला नेणारी होडी, नाहीतर मुंबईत गेटवेहून तासाच्या हिशेबाने मिळणारी छोटी यॉट. मुलगी सात वर्षांची असताना आम्ही दोन्ही केल्या.

अस्सलपणात राजपुरी पुढे, यात वाद नाही. लाकडी होडी, ठिगळं लावलेलं शीड, आणि मुख्य म्हणजे तिला खरंच कुठेतरी पोचायचं असतं. अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा किल्ल्याचा दरवाजा अचानक समोर येतो, तो क्षण यॉटवर मिळणार नाही. यॉट फायबरची, निघाली तिथेच परत येणारी. पण इंजिन बंद करून शीड चढवलं की तीही निव्वळ वाऱ्यावरच चालते. दुपारनंतरचे खारे वारे धरा. बोट कलते, घाबरू नका. तळाखालच्या जड कीलमुळे ती पुन्हा सरळ होते.

माझा निर्णय झाला तो लाइफ जॅकेटवरून. राजपुरीच्या आमच्या होडीत जॅकेटं होती, पण सगळी मोठ्यांच्या मापाची. मुलीला घातलेलं मी खांद्याशी धरून वर ओढलं तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं. पाण्यात ते अंगावर राहिलंच नसतं. आणि दरवाज्याशी, होडी खालीवर होत असताना शेवाळलेल्या पायरीवर पाय टाकायचा, नेमक्या त्याच वेळी सगळ्यांची जॅकेटं काढून ढिगात पडलेली. पडण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच! आमच्या वाट्याला आलेली ही एकच फेरी, दुसऱ्या होडीत नीट असेलही. गेटवेला मात्र मुलीच्या मापाचं जॅकेट मिळालं, पायांमधून घ्यायचा पट्टासुद्धा बोटवाल्याने स्वतः आवळला, आणि पुन्हा धक्क्यावर पाय टेकेपर्यंत कुणाला काढू दिलं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'चा अपघात याच पाण्यात झाला. तेव्हापासून मला तो पट्टा जास्तच आठवतो.

बरोबर फक्त मोठी, पोहता येणारी माणसं असतील तर राजपुरीला जरूर जा, पावसाळा सोडून. लहान मूल असेल तर, माझं ऐकाल तर, शिडाची पहिली ओळख गेटवेलाच करून द्या. जंजिऱ्याला आम्ही पुन्हा जाणार आहोत. मुलीच्या मापाचं जॅकेट आधीच आणून ठेवलंय.