टॉवर घ्यावेत की बुकशेल्फ: पावणेचौदा फुटांच्या खोलीतला अनुभव

स्टिरिओ घ्यायचं ठरलं, अँप म्हणजे अँप्लिफायर ठरला, की गाडी हमखास इथे येऊन अडते: जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर घ्यायचे की स्टँडवर ठेवायचे बुकशेल्फ? वॉट, ओहम, ड्रायव्हरचे (खोक्यातल्या आवाज काढणाऱ्या भागांचे) आकार हे सगळं कंपनीच्या पत्रकात असतंच, त्यात मी शिरत नाही. मी दोन्ही प्रकार एकाच खोलीत, एकाच अँपवर निवांत ऐकले आहेत. बुकशेल्फ माझे, टॉवर एका मित्राचे, तो घर बदलत होता तेव्हा माझ्याकडे मुक्कामाला आलेले. योग असा की दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले. वरच्या पट्टीचा ट्वीटर तोच, मधला ड्रायव्हर तोच. टॉवरला खाली बेससाठी दोन वूफर जास्तीचे आणि खोकं अर्थातच मोठं. त्यामुळे फरक नेमका कुठे पडतो ते कानाला सहज सापडलं.

आधी टॉवरची बाजू, कारण पहिली छाप त्यांचीच पडते. गाणं सुरू झालं की खोली भरून जाते. पियानोचा डावा हात, चेलो, तबल्याचा डग्गा, या सगळ्याला अंग येतं. मोठा वाद्यवृंद एकदम उसळतो तेव्हा बुकशेल्फची जराशी दमछाक होते, टॉवरच्या गावीही ते नसतं.

टॉवरचा आणखी एक गुण आहे, त्याची चर्चा फार होत नाही. रात्री आवाज बारीक ठेवून ऐकताना सगळ्यात आधी बेस गायब होतो. यात स्पीकरचा दोष नाही, आपला कानच तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून त्याचे आलेख छापले. आज आयएसओ 226 हे मानक त्याच गोष्टीचं आहे. 3 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास कान सगळ्यात तिखट, आणि 40-50 हर्ट्झचा बारीक आवाज मात्र त्याला लागतच नाही. टॉवरचा बेस मुळातच सढळ, म्हणून हळू आवाजातही गाणं पोकळ वाटत नाही. बुकशेल्फवर मी अशा वेळी अँपची बेसची खुंटी थोडी वर सरकवतो. काही जण याला पाप समजतात. समजोत बापडे.

डेमो ऐकताना मात्र एक काळजी घ्या. टॉवरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर किती मोठ्याने वाजतात ते, बहुधा दोन-तीन डेसिबलने जास्त असते. व्हॉल्यूमला हात न लावता स्पीकर बदलले, तर टॉवर किंचित मोठ्याने वाजतात. गंमत अशी की एवढासा फरक कानाला ‘मोठा’ वाटतच नाही, ‘छान’ वाटतो. 3 डेसिबल म्हणजे अँपच्या हिशेबात दुप्पट शक्ती. पण ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. म्हणून फोनवर आवाज मोजायचं एखादं अ‍ॅप घ्या, पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला चाचणीचा खळखळाट) वाजवा आणि बसायच्या जागी दोन्ही जोड्यांचा आकडा एक करा. फोनचा आकडा बरोबर असेलच असं नाही, पण दोन्हींची पातळी जुळवायला पुरतो. आणि अदलाबदल झटपट करा. कानाला बारकावे फार वेळ लक्षात राहत नाहीत. तारा बदलण्यात पाच मिनिटं गेली की आपण आठवणीशी नाही, आपल्याच मताशी तुलना करत असतो. पातळी जुळवल्यावर गाणाऱ्याचा गळा, व्हायोलिन, सतार यांत मला तरी दोन्ही जोड्या वेगळ्या ओळखता येईनात. फरक उरला तो तळाचा.

आणि त्या तळातल्या एकाच गोष्टीने माझा निकाल लावला.

बेस गिटारची एखादी ओळ घ्या, पायरी पायरीने खाली उतरणारी. प्रत्येक स्वर आपापल्या जागी, सुटा, नेटका. मग ओळ तळाच्या ‘ई’वर येते, म्हणजे 41 हर्ट्झवर, आणि एकदम आवाज फुगतो. कुणीतरी तेवढ्यापुरता व्हॉल्यूम वाढवल्यासारखा. तो स्वर संपायला हवा तेव्हा संपत नाही, मागे रेंगाळतो, आणि पुढचा ड्रमचा ठोका त्याच्याखाली गुदमरतो. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच, त्याच स्वरावर. सुरुवातीला हे ‘दणदणीत बेस’ म्हणून आवडतंसुद्धा. पण एकदा लक्षात आलं की सुटका नाही. गाणं राहतं बाजूला, आपण त्या स्वराची वाट बघत बसतो.

टॉवरचा यात दोष नाही, हे न्यायाने सांगायला हवं. दोष खोलीचा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तिथे अडकते आणि घुमत राहते. हिशेब सोपा आहे: 565 ला खोलीच्या फुटांनी भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. माझी खोली लांबीला पावणेचौदा फूट. उत्तर 41. म्हणजे बेस गिटारचा तळाचा स्वर आणि माझी खोली यांचं गोत्र एकच निघालं.

खात्री करायची तर 41 हर्ट्झचा एकसुरी स्वर लावून खोलीभर चाला. समोरच्या भिंतीशी कान नेला तर घूं घूं करून डोकं उठतं. खोलीच्या मध्यावर आलं की स्वर जवळजवळ नाहीसा होतो, इतका की अँप बंद पडला की काय असं वाटावं. मागच्या भिंतीशी पुन्हा तोच दणका. माझा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि टॉवर समोरच्या भिंतीशी, म्हणजे वाजणारा आणि ऐकणारा दोघेही नेमके नको त्या टोकांना. बहुतेक घरांत मांडणी अशीच असते, कारण मधून माणसांना ये-जा करायची असते.

उपाय सगळे केले. टॉवर पुढे ओढले, थोडा फरक पडला, पण मग ते खोलीत पाहुण्यासारखे मध्येच उभे राहिले. पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याला ठेवलेल्या हवेच्या भोकात, फोमचे बोळे कोंबले. फुगवटा उतरला, पण ज्यासाठी टॉवर घ्यायचे तो बेसही उतरला. पडदे-गालिच्यांचा इथे उपयोग नसतो. ही लहर साडेसत्तावीस फूट लांब. दोन इंची फोम तिच्या खिजगणतीतही नाही. खोलीनुसार आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर फुगवटा बऱ्यापैकी कापतं, हे मान्य. पण सोफ्याच्या हिशेबाने कापलं की मध्ये खुर्ची टाकून बसलेल्याच्या वाट्याला मुळात जो तोळाभर बेस होता तोही जातो.

आता तेच गाणं बुकशेल्फवर. हे स्पीकर 55 हर्ट्झच्या खाली मान टाकायला लागतात, म्हणजे 41 हर्ट्झ त्यांच्याकडून निघतो तो अगदीच क्षीण. खोलीला घुमायला खाद्यच मिळत नाही. मग तळाचा ‘ई’ ऐकू येत नाही का? येतो, आणि ‘ई’ म्हणूनच येतो. कोणत्याही तारेच्या स्वराबरोबर त्याचे वरचे पटीतले स्वरही वाजत असतात, इथे 82, 123, 164 हर्ट्झ. ते कानावर पडले की मेंदू त्यांच्यातलं अंतर पाहून पाया कुठे असावा ते ठरवतो आणि तोच स्वर ऐकतो, पाया प्रत्यक्षात असो वा नसो. जुन्या टेलिफोनची तार 300 हर्ट्झच्या खालचं काही नेत नसे, पुरुषाच्या आवाजाचा पाया मात्र 100-120 च्या आसपास असतो. तरी पलीकडे कोण बोलतंय हे कळायचंच, आणि तो आवाज पुरुषाचाच वाटायचा.

म्हणून बुकशेल्फवर ती ओळ शेवटपर्यंत सारख्या पायऱ्यांनी उतरते. छातीवर बसणारा धक्का कमी असतो, तो मेंदू उभा करू शकत नाही, हेही खरं. पाइप ऑर्गन किंवा खोल इलेक्ट्रॉनिक बेस हेच तुमचं मुख्य ऐकणं असेल, तर हे समाधान तुम्हाला तुटपुंजं वाटेल.

बुकशेल्फचे जाच वेगळे आहेत. जागा वाचेल या समजात राहू नका, स्टँड टॉवरएवढीच जमीन खातात. वर जड, खाली हलके, त्यामुळे घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर धाकधूक कायम; पोकळ नळीचे स्टँड असतील तर त्यांत कोरडी वाळू भरा. उंची अशी हवी की बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत येईल, त्यासाठी बहुधा 24 इंची स्टँड जमतात. कपाटाच्या खणात कोंबलेत तर आडवेतिडवे परावर्तित आवाज मिसळून गायक दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहायचा थांबतो, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला हेच कळत नाही.

पुढे कधी तळ कमी वाटला तर सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर, जोडता येतो, आणि माझ्या लेखी बुकशेल्फचं पारडं इथे चांगलंच जड होतं. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट सांगता येत नाही, त्यामुळे सबवूफर बेससाठी चांगली असेल त्या जागी ठेवता येतो. टॉवरचे वूफर मात्र ट्वीटरच्याच खोक्यात बांधलेले. स्टिरिओ चित्र जिथे चांगलं उभं राहतं तिथेच त्यांना बसावं लागतं, मग ती जागा बेससाठी कितीही वाईट असो. सबवूफरची जागा शोधायची युक्ती जरा हास्यास्पद आहे, पण लागू पडते. तो सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बेसची ओळ लावायची आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे पाहतील, पाहू द्या.

मित्राचे टॉवर आता त्याच्या नव्या हॉलमध्ये आहेत. हॉल वीस फुटांचा, म्हणजे तिथलं उत्तर 28 हर्ट्झ, बहुतेक संगीताच्या खालचं. तो स्पीकरपासून दहा-बारा फुटांवर बसतो, पाठीमागे मोकळी जागा आहे, आणि तिथे ते टॉवर सुरेख वाजतात. अशी जागा असेल तर मी कुणाला अडवणार नाही. पण जवळ बसणार असाल, सात फुटांच्या आत, तर टॉवरचे तीन-चार ड्रायव्हर एकजीव व्हायच्या आधीच आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, हेही लक्षात असू द्या.

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मोजा आणि तिन्हींनी 565 ला भागा. दोन उत्तरं जवळजवळ सारखी आली, चौरस खोलीत येतातच, तर दोन फुगवटे एकावर एक बसतात. अशा खोलीसाठी टॉवर घेणार असाल तर परत करायची मुदत किती आणि नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, हे मी तरी आधी लेखी विचारून घेईन.