रोजचा तास की रविवारची बैठक?

खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावला कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास एक तर रोज तासभर होतो, नाही तर सगळा रविवारवर ढकलला जातो. रविवारची बैठक सलग मिळते, आणि ताळेबंदाची लांबलचक उदाहरणे सोडवायला किंवा प्रकल्पाचा अहवाल लिहायला ती खरोखरच सोयीची पडते. मात्र भातकापणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या घरात तोच रविवार हातचा जातो.

माझा कौल रोजच्या तासाला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते की, पाठांतर एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत विभागले, तर कमी उजळण्यांत पाठ होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांना सामोरे जाणाऱ्यांना हे विशेष लागू पडते, कारण इतक्या नव्या संज्ञा एका दिवसात अंगवळणी पडणे कठीणच.

या तासातली काही मिनिटे प्रवासातही निघतात. बसमध्ये जागा मिळाली, तर आदल्या दिवशीचे वहीचे पान हाताने झाकून त्यातले मुद्दे मनाशी आठवावेत आणि मग पान उघडून काय सुटले ते पाहावे. नुसत्या वाचनापेक्षा अशा आठवण्याने विषय अधिक पक्का होतो.