अमेरिकेच्या दक्षिणेतली हिवाळी वादळं आणि मॉडेलचे नकाशे : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

आधी निष्कर्ष सांगते, मग कारणं. हवामान मॉडेलचे (संगणकावर गणितं मांडून पुढचं हवामान काढणाऱ्या प्रोग्रामचे) नकाशे दाखवणाऱ्या साइट्स मी ऑक्टोबर 2024 पासून मार्च 2025 पर्यंत रोज वापरल्या. साइट्स उत्तम आहेत. पण त्यांच्यावर लोक सगळ्यात जास्त जो नकाशा उघडतात, 'एकूण किती इंच बर्फ' दाखवणारा, तो आपल्या भागासाठी सगळ्यात कमी कामाचा आहे. आपला भाग म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातला रॅले-कॅरी-मॉरिसव्हिल. मी कॅरीत राहते.

वापरात काय काय होतं तेही सांगते. ट्रॉपिकल टिडबिट्स आणि पिव्होटल वेदर या दोन साइट्स, दोन्हींवर फुकटात भरपूर मिळतं. एक पैसे भरून घेतलेली सेवा, तिचं नाव इथे घेत नाही. नॅशनल वेदर सर्व्हिस या सरकारी हवामान सेवेच्या रॅले कार्यालयाचं फोरकास्ट डिस्कशन, म्हणजे अंदाजामागची कारणं सांगणारं टिपण. आणि मागच्या अंगणात लावलेलं छोटं वेदर स्टेशन.

बॉस्टन-शिकागोकडच्या मराठी मंडळींना आमची ही धडपड कळत नाही. तिकडे प्रश्न किती इंच पडणार एवढाच असतो. इकडे काय पडणार हेच ठरलेलं नसतं. एकाच वादळात आमच्या पश्चिमेला ग्रीन्सबरोत बर्फ, रॅलेत स्लीट (गोठलेल्या थेंबांचे बारीक खडे) आणि पूर्वेला गोल्ड्सबरोत नुसता पाऊस, असं सहज होतं. बर्फ-पावसाची सीमारेषा बहुतेक वेळा वेक काउंटीच्या आसपासच घुटमळते. ती पन्नास किलोमीटर सरकली की शाळा, ऑफिस, वीज, सगळ्याचा हिशोब बदलतो. आणि थोड्या बर्फानेही इथे मोठी गडबड होते. 19 जानेवारी 2005 ला रॅलेत जेमतेम इंचभर बर्फ पडला, रस्त्यांवर त्याचा काच झाला आणि कितीतरी मुलांना रात्र शाळेत काढावी लागली. 28 जानेवारी 2014 ला अटलांटातही दोन-अडीच इंचांत तेच घडलं.

आता त्या इंचांच्या नकाशाबद्दल. त्यातला सगळ्यात साधा प्रकार एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरून चालतो. स्लीटही तो अनेकदा त्याच गुणोत्तराने मोजतो. म्हणजे तीन तास स्लीट पडणार असेल तर नकाशावर आठ-नऊ इंचांचा जांभळा पट्टा दिसतो आणि प्रत्यक्षात जमिनीवर दोन इंचांची घट्ट थर धरलेली खडी असते. कुचेरा पद्धतीचा नकाशा हवेच्या थरांचं तापमान पाहून गुणोत्तर बदलतो, तो थोडा बरा. पण व्हॉट्सॲपवर फिरतो तो दर वेळी पहिलाच, तोही दहा दिवस पुढचा. जीएफएस हे अमेरिकी सरकारचं जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवस पुढचं दाखवतं. त्या चारांपैकी एखाद्या वेळी रॅलेवर चौदा इंच दिसणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढंच चित्र उचलून 'अंदाज' म्हणून पुढे पाठवणं मला खरोखर चुकीचं वाटतं. त्यावर विसंबून कुणी विमानाची तिकिटं बदलतं, कुणी पुण्याहून निघालेल्या आईवडिलांना थांबवतं.

त्याऐवजी नकाशावर आपल्या गावावर क्लिक करून साउंडिंग उघडा. दोन्ही साइट्सवर जीएफएस आणि नॅम, एचआरआरआर या बारीक जाळीच्या अमेरिकी मॉडेलांसाठी ही सोय आहे. जमिनीपासून वरपर्यंत तापमानाची रेघ दिसते. ती सगळी शून्याच्या डावीकडे असेल तर बर्फ. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर ती शून्याच्या उजवीकडे नाकासारखी बाहेर आली तर तिथे उबदार हवा घुसली आहे, बर्फ वाटेतच वितळणार. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब पुन्हा गोठून स्लीट होतं, पातळ असेल तर ते पाणी म्हणूनच पडतं आणि फांद्यांवर, तारांवर गोठतं. 850 मिलिबारचा (साधारण दीड किलोमीटर उंचीचा) नकाशा निळा, म्हणजे शून्याखाली, दिसत असला तरी हे नाक त्याच्या वर 800 मिलिबारला असू शकतं, आणि ते फक्त साउंडिंगमध्येच सापडतं. हवेचे तीन-तीन किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करणारं नॅम हे नाक जीएफएसपेक्षा चांगलं पकडतं. वाचायला शिकायला मला आठवडाभर लागला असेल, पण पूर्ण हिवाळ्यात दुसऱ्या कशाचाही इतका उपयोग झाला नाही.

वेदर स्टेशन घेतलं ते 'वेज'साठी. न्यू यॉर्क, न्यू इंग्लंडवर जोरदार हाय प्रेशर बसलं की तिथली थंड, कोरडी हवा ॲपलाचियन डोंगरांच्या पूर्व उताराला टेकून खाली जॉर्जियापर्यंत उतरते. ही हवा जड असते, डोंगर ओलांडू शकत नाही, तिथेच साचून राहते. हाच वेज. मोठ्या जाळीची जागतिक मॉडेलं तिला अनेकदा फार लवकर उधळून लावतात. अशा वेळी अंगणातला ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते, हवा कोरडी तितका तो खाली) बघायचा. जानेवारीत एका संध्याकाळी तापमान चार अंश सेल्सियस आणि ड्यू पॉइंट उणे आठ होता. घरात सगळे म्हणत होते की चार अंशांत कसला बर्फ. पण एवढ्या कोरड्या हवेत पाऊस पडायला लागला की बाष्पीभवनाने हवा गार होत जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. अशी गार होत हवा जिथे थांबते त्या तापमानाला वेट बल्ब म्हणतात. त्या आकड्यांसाठी तो जवळपास शून्य येतो, आणि पहिल्या सरींनंतर पारा तिथेच उतरला. स्टेशन सावलीत, भिंतीपासून लांब लावायला हवं, नाहीतर त्याचे आकडे निरर्थक.

चार-पाच दिवस आधी एका मॉडेलकडे बघूच नये, एन्सेम्बल बघावं, म्हणजे सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवलेलं. प्रत्येक वेळचं उत्तर म्हणजे एक सदस्य. जीएफएसच्या एन्सेम्बलमध्ये 31 सदस्य असतात, युरोपियन मॉडेलच्या एन्सेम्बलमध्ये 51. पन्नासपैकी दहा सदस्य वादळ किनाऱ्याजवळून नेत असतील तर लक्ष ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. आमची बरीच वादळं वरच्या हवेतल्या ज्या लाटेतून जन्म घेतात ती लाट त्याआधी पॅसिफिकवर असते आणि तिथे हवामानाचे फुगे सोडणारी ठाणी फारशी नाहीत. लाट पश्चिम किनाऱ्यावर आली की चित्र बऱ्याचदा स्थिरावतं.

तरीही आदल्या रात्रीपर्यंत सावध राहावं असं हा भाग शिकवतो. 24-25 जानेवारी 2000 ला रॅलेत 20.3 इंच बर्फ पडला, शहराचा आजवरचा विक्रम, आणि मॉडेलं वादळ समुद्रातच ठेवून बसली होती. उलट 21 जानेवारी 2025 चं आखाती किनाऱ्याचं वादळ बघताना मला पूर्ण हिवाळ्याचं समाधान मिळालं. न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच, फ्लोरिडातल्या मिल्टनमध्ये जवळजवळ दहा! लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या वेदर सर्व्हिस कार्यालयाने त्यांच्या इतिहासातली पहिली ब्लिझर्ड वॉर्निंग (हिमवादळाचा इशारा) दिली. आर्क्टिक हवा आधीच किनाऱ्यापर्यंत पोचली होती, त्यामुळे उबदार नाकाचा, म्हणजे बर्फ की पाऊस हा, प्रश्नच नव्हता.

पैसे भरलेल्या सेवेबद्दल थोडक्यात. युरोपियन मॉडेलचे जास्त तपशीलवार नकाशे आणि प्रत्येक एन्सेम्बल सदस्याची वेगळी चित्रं मिळाली. मात्र नकाशे सगळ्यांना हवे असतात नेमक्या त्या रात्री ती संथ झाली. वर्गणी पुढच्या हिवाळ्यात फक्त जानेवारी-फेब्रुवारीसाठी घेईन.

फोरकास्ट डिस्कशन मात्र रोज वाचा, ते फुकट आहे. रॅलेचे हवामानतज्ज्ञ त्यात कोणत्या मॉडेलवर का विश्वास ठेवला आणि कुठे शंका आहे ते मोकळेपणाने लिहितात. वादळ जवळ आलं की तेच कार्यालय तीन नकाशे देतं: अपेक्षित, दहात नऊ वेळा निदान एवढा, आणि दहात एकदाच एवढा. कुणाला काही पुढे पाठवायचंच असेल तर हे तीन एकत्र पाठवा. आणि डिस्कशनमध्ये पाव इंचापेक्षा जास्त आइसचा (फांद्या-तारांवर गोठलेल्या पावसाच्या थराचा) उल्लेख आला तर बर्फाचे इंच मोजणं सोडून फोन चार्ज करा, गॅसची छोटी शेगडी असेल तर ती फक्त घराबाहेर वापरायची हे घरच्यांना सांगून ठेवा, आणि गाडी पाइनच्या झाडाखालून हलवा.