ट्रकच्या चेंबरला ड्रेन व्हॉल्व्ह: ऑइल न सांडता बदलायचं असेल तर

आधी निकाल सांगतो. चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं; त्यातून ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टच्या जागी बसणारा व्हॉल्व्ह, त्याला जोडलेली नळी आणि नळीखाली मोठा बंद कॅन ही तिन्ही एकत्र वापरली, तर ट्रकखालची जमीन कोरडी राहते. नुसता व्हॉल्व्ह आणून बसवला आणि खाली तेच जुनं उघडं ताट ठेवलं, तर पैसे अर्धे वाया. आणि फिल्टरचा प्रश्न व्हॉल्व्ह सोडवत नाही, हे विकणारे फारसं सांगत नाहीत.

कारची सवय असलेला माणूस ट्रकखाली गेला की पहिल्यांदा फसतो तो ऑइलच्या प्रमाणात. पिकअपच्या मोठ्या पेट्रोल इंजिनात साडेसात-आठ लिटर असतं, मोठ्या डिझेल पिकअपमध्ये अकरा ते तेरा, आणि जड ट्रकमध्ये तीस-चाळीस लिटरही. कारसाठी घेतलेलं ताट इथे अर्ध्यातच भरतं. बोल्ट परत लावायचा तर गरम ऑइलच्या धारेत हात घालावा लागतो. बोल्ट चेंबरच्या बाजूला तिरका असेल तर पहिली धार वीतभर पुढे उडते आणि पातळी उतरली की मागे सरकत थेट बोल्टखाली पडते, म्हणजे ताट सतत सरकवत राहायचं. त्यात वारा असला की धार फाटते आणि शिंतोडे क्रॉसमेंबरपर्यंत (चासीच्या आडव्या पट्टीपर्यंत) जातात. नंतर भरलेलं ताट ओढून बाहेर काढणं आणि कॅनमध्ये ओतणं हा आणखी एक सांडण्याचा मुहूर्त. व्हॉल्व्ह आणि नळीने हे सगळे टप्पे एकदम कमी होतात, म्हणून आम्हाला ही वस्तू मनापासून आवडते.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली पाव फेऱ्याच्या दांडीची; जपानी फुमोटो हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. पितळी अंग, आत गोल व्हॉल्व्ह. दांडी खाचेतून उचलून नव्वद अंश फिरवली की ऑइल सुरू. स्प्रिंग दांडीला खाचेत धरून ठेवते, त्यामुळे ती आपोआप उघडण्याची भीती फारशी नाही. तरीही वर अडकवायची क्लिप मिळते, ती लावावी. दुसरी जात जर्मन स्टालबससारखी. यात दांडी नसते. झाकण काढून नळीचा जोड फिरवून बसवला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि मार्ग उघडतो. जोड काढला की बंद. ही जात चेंबरखाली कमी लोंबते. खडकाळ रस्त्यावर, शेतात किंवा खाणीत जाणाऱ्या ट्रकला आमची पसंती हिलाच. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला दांडीची जात चांगली, कारण उघड-बंद करायला एक हात पुरतो आणि वेगळा जोड शोधत बसावं लागत नाही. दांडीच्या जातीत नळीसाठी चोच असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात. चोच नसलेला घेऊ नका. नळी लागणार नसेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

खरेदीत चूक होते ती आट्यांच्या मापात. एम १२, एम १४ आणि एम १८ ही मापं नेहमी दिसतात, पण नुसता व्यास जुळून भागत नाही. एम १२ मध्ये १.२५, १.५ आणि १.७५ अशा वेगवेगळ्या पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचे, आटे असतात. एखादा फेरा हाताने जातो, मग अडतो; तिथे पाना लावला की चेंबरचे आटे गेलेच, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे तर लगेच जातात. गाडीच्या पुस्तकातून किंवा सुटा बोल्ट मोजून माप पक्कं करा. सोबत दोन गोष्टी ट्रकखाली झोपून बघा: व्हॉल्व्ह बसल्यावर तो चेंबरच्या तळाखाली किती उतरेल, आणि फिरवून बसवताना त्याचं अंग चेंबरच्या कडेला किंवा संरक्षक पत्र्याला आपटेल का. आपटत असेल तर लांबी वाढवणारा जोड मिळतो, पण तो लावला की व्हॉल्व्ह आणखी खाली येतो.

बसवण्याचं काम एकदाच, आणि ते ऑइल बदलायच्या दिवशीच करायचं. बोल्ट काढून चेंबर रिकामं होऊ द्या. बोल्टचा जुना वॉशर चेंबरला चिकटून राहिलाय का ते बोट फिरवून तपासा. त्यावर नवा बसला की गळती ठरलेली. बसण्याची जागा पुसून कोरडी करा, सोबत आलेला नवा वॉशर घाला आणि व्हॉल्व्ह शेवटपर्यंत हातानेच फिरवा. पाना अगदी शेवटी, आणि जोर व्हॉल्व्हच्या कागदावर दिलाय तेवढाच. लोखंडी बोल्टला लावतो तो जोर इथे चालत नाही, कारण व्हॉल्व्ह आतून पोकळ आहे, आणि दांडीच्या जातीत तर पितळेचा; जास्त आवळलं तर मानेत तडा जातो. आट्यांना पांढरी टेप गुंडाळू नये. गळती थांबवायचं काम वॉशरचं आहे आणि टेपचे तुकडे ऑइलमध्ये जातात. दांडी समोरून येणाऱ्या दगडांच्या दिशेला राहणार नाही हे पाहा.

पुढच्या वेळेपासून काम असं. ट्रक सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. बहुतेक ट्रकखाली तसंच शिरता येतं, त्यामुळे उचलायची गरज पडत नाही. उचललाच तर स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, कढत नको. पूर्ण तापलेलं ऑइल नव्वद-शंभर अंशांवर असतं. त्याने हात भाजतो आणि साधी पारदर्शक प्लास्टिक नळी मऊ होऊन चोचीवरून निसटते. नळी नायट्राइल रबराची किंवा सिलिकॉनची घ्या, चोचीवर क्लिप लावा. वर ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवा म्हणजे हवा आत जाईल. कॅन इंजिनात मावतं त्याहून निदान दोन-तीन लिटर मोठा असावा, आणि नळीने त्याचं तोंड घट्ट बुजू नये. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर ऑइल गुळगुळ करत परत नळीतून उसळतं, आणि इतकं करूनही सांडतं.

वेग कमी, ही या वस्तूची खरी उणीव. व्हॉल्व्हचं भोक बोल्टच्या भोकाहून बारीक असतं. डिझेलच्या बारा लिटरला दहा-पंधरा मिनिटं धरून चाला, थंडीत जास्त. शिवाय व्हॉल्व्हची मान चेंबरच्या आत थोडी वर येते, म्हणून तळाशी थोडं जुनं ऑइल राहतं. नवीन ऑइलच्या प्रमाणात ते किरकोळ असतं आणि आम्ही त्याचा बाऊ करणार नाही. मात्र मूळ बोल्टला चुंबक असेल तर तो गमावतो, हे माहीत असू द्या. इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ साचला असेल तर आधी दोनेकदा बोल्टनेच मोकळं करून घ्या; गाळाची गोळी अडकली तर व्हॉल्व्ह काढावाच लागतो.

एक फायदा मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. ऑइल चुकून जास्त भरलं गेलं तर पाव-अर्धा लिटर काढणं आता क्षणाचं काम आहे. तपासणीसाठी नमुना घ्यायचा तर पहिलं थोडं सोडून मधल्या धारेचं बाटलीत घेता येतं. जास्त चालणाऱ्या ट्रकला एवढ्यासाठीही व्हॉल्व्ह परवडतो. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल ओढणारा पंप हा पर्याय कारला ठीक, पण त्यांच्या टाक्या बहुधा डिझेल ट्रकच्या एका भरण्याइतक्या नसतात, आणि डिपस्टिकची नळी तळापर्यंत पोचत नसेल तर बरंच मागे राहतं.

आता फिल्टर. खरी घाण इथेच होते. आडवा किंवा तिरका बसवलेला फिल्टर सैल झाला की ऑइल क्रॉसमेंबरवर आणि स्टिअरिंगच्या भागांवर उतरतं, मग आठवडाभर थेंब पडत राहतात आणि गळतीचा संशय येतो. जाड प्लास्टिक पिशवी फिल्टरवर चढवा, पाऊण फेरा सैल करा आणि धार थांबेपर्यंत थांबा. मग पिशवीतच सोडवा. खालच्या भागांवर ॲल्युमिनियम फॉइलची जाड पन्हळ करून तिचं टोक कॅनच्या नरसाळ्यात सोडलं तर आणखी चांगलं. फिल्टरला खिळ्याने भोक पाडू नका, पत्रा फाटतो. जुना रबरी वायसर इंजिनला चिकटलेला नाही ना हे बघितल्याशिवाय नवा चढवू नये. दोन वायसर एकावर एक बसले की इंजिन सुरू होताच सगळं ऑइल बाहेर. नव्या वायसरला ऑइलचं बोट लावा, तो टेकल्यावर पाऊण फेरा, हातानेच. कार्ट्रिज फिल्टर असेल, म्हणजे टोपी काढून फक्त आतला गाभा बदलायचा असेल, आणि त्याच्या टोपीला खाली छोटा बोल्ट असेल तर तो आधी काढून टोपीतलं ऑइल उतरवा.

भरताना ऑइल भरायच्या तोंडात आटे पकडणारं नरसाळं वापरा, नुसतं टेकवलेलं उलटतं. ठरलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी घालून इंजिन सुरू करा. प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि उरलेलं थोडंथोडं घाला. व्हॉल्व्ह आणि फिल्टर कोरड्या कापडाने पुसून, दुसऱ्या दिवशी तिथे बोट फिरवून पाहा.

चेंबर प्लास्टिकचं असेल आणि त्याला प्लास्टिकचाच फिरकीचा बूच असेल, तर त्याच चेंबरसाठी म्हणून बनवलेला व्हॉल्व्ह नसेल तिथे हा नाद सोडा. नळी आणि कॅनचा उपयोग तिथेही आहेच. जुनं ऑइल त्याच कॅनमधून जमा करणाऱ्या केंद्रावर न्या, आणि त्यात कूलंट, पेट्रोल किंवा ब्रेक धुवायचा द्रव मिसळू देऊ नका. मिसळलेलं ऑइल पुन्हा वापरात आणता येत नाही आणि केंद्रवाले ते परत पाठवतात.