क्लोनझिला : दिसायला भंगार, पण सर्व्हर वाचवला त्यानेच

आमच्या ऑफिसात एकच सर्व्हर, उबंटू २०.०४ (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) वाला, त्यावर बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि ज्याने ते लिहिलं तो कधीच नोकरी सोडून गेलेला, म्हणजे काय अवस्था असेल ते समजून घ्या. टाळत टाळत शेवटी एका शनिवारी रात्री २२.०४ करायला बसलो, आणि हात लावायच्या आधी क्लोनझिला ह्या डिस्क-कॉपी सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज काढली, म्हणजे सिस्टिमसकट सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, जी नंतर परत डिस्कवर उतरवता येते (रिस्टोअर).

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, तैवानच्या एनसीएचसी ह्या कॉम्प्युटिंग सेंटरच्या लोकांनी बनवलंय. पेनड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून बूट करायचं. स्क्रीन बघून वाटतं डॉसच्या जमान्यात आलो, माउस वगैरे विसरा, अ‍ॅरो आणि एंटर एवढंच. पण काम चोख. डिस्क ५०० जीबीची असली तरी ते फक्त भरलेले ब्लॉक उचलतं, माझा डेटा ७० जीबी होता, कॉम्प्रेस होऊन इमेज झाली ३० च्या आसपास, आणि वर शेवटी इमेज रिस्टोअर होण्यासारखी आहे का ते तपासून पण देतं. हा चेक कंटाळा करून स्किप करू नका हं.

अपग्रेड व्यवस्थित झालं, बिलिंग मात्र उघडेना. बिलिंग ज्या भाषेत लिहिलंय ते पीएचपी ७.४ चं थेट ८.१ झालेलं, जुन्या कोडने मान टाकली. रात्री दीड वाजता मी रिस्टोअर मारलं, ते पण 'नक्की का?' असं दोनदा विचारतं, दोन्ही वेळा वाय दाबताना एसडीए आणि एसडीबी (लिनक्समध्ये डिस्कांची नावं अशी असतात) मी बोट ठेवून वाचले, कारण उलटं झालं तर संपलंच. सोमवारी ऑफिसात कुणाला पत्ताही नव्हता.

पुढच्या शनिवारी पीएचपीचं जुनं व्हर्जन वेगळं टाकून सगळं जमवलं आणि इथे माती खाल्ली, सगळं चालतंय बघून खुशीत घरी गेलो, नंतरची इमेज काढलीच नाही. तीन आठवड्यांनी एसएसडी मेली. रोजचा डेटाबेस डंप, म्हणजे फक्त बिलिंगच्या डेटाची वेगळी कॉपी, होता म्हणून बिलं वाचली, पण सिस्टिमची इमेज अपग्रेडच्या आधीची, म्हणजे तेच सगळं परत पहिल्यापासून. त्यात घाईत आणलेली नवी डिस्क ४८० जीबीची निघाली! क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते, आत डेटा कितीही कमी असू दे. परत दुकानात जाऊन १ टीबीची आणली.

तक्रारी आहेतच. चालू सर्व्हरची इमेज निघत नाही, बंद करावा लागतो, म्हणजे शनिवार रात्र गेलीच. इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं तेवढंच घेणारा बॅकअप नाही, दर वेळी पूर्ण इमेज. एक फाइल हवी असेल तर आख्खी इमेज कुठेतरी रिस्टोअर करायची, त्यामुळे रोजच्या बॅकअपला हे वापरायच्या भानगडीत पडू नका. व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेलं आभासी मशीन) असेल तर मोठ्या कामाआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिती, घेऊन भागतं, पण तो स्नॅपशॉट त्याच डिस्कवर बसलेला असतो, डिस्क गेली की तोही गेला.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या ४८० जीबीसाठी कापला. आता आमच्या कपाटात एक्स्टर्नल डिस्कवर दोन इमेज आहेत, नावात तारीख आणि पुढे 'आधी', 'नंतर' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, आणि डिस्कवर चिकटपट्टी लावून पेनाने साइज लिहिलीय.