अभ्यासकेंद्र की नर्सिंग कॉलेज? संस्थाचालकांसाठी तुलना

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थेच्या बैठकीत विस्ताराचा विषय निघाला की दोन पर्याय हमखास पुढे येतात: गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र, किंवा म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न नर्सिंग कॉलेज. खर्चाचा ताळा सगळेच मांडतात. विद्यार्थी, पालक, संस्था आणि नियामक चार दिशांना ओढू लागले की विद्यापीठ कुणाचं ऐकेल, हे मात्र फार कमी जण आधी तपासतात. त्याचं उत्तर ते विद्यापीठ कशासाठी काढलं, यातच सापडतं.

मुक्त विद्यापीठ 1989 चं, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. सातपूर-अंबडला पाळीत काम करणारा कामगार किंवा ऑक्टोबर छाटणीत गुंतलेला निफाडचा द्राक्षबागायतदार रोज वर्गात बसू शकत नाही, हे इथे नियम करतानाच धरलेलं असतं. दूरस्थ शिक्षणात 1 श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 4 श्रेयांकांच्या विषयाला 120 तास, त्यातले बहुतेक घरी. म्हणून प्राध्यापकांनी 'रविवारी केंद्र बंद ठेवा' म्हटलं, तर ती मागणी विद्यापीठाच्या हेतूलाच छेद देते. नोकरदाराला मोकळा मिळतो तो तोच दिवस. बरीच केंद्रं बिघडतात तीही इथेच: पुस्तकांचे गठ्ठे कपाटात पडून राहतात, संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरच्या प्रत्यक्ष शिकवण्या, कागदावरच होतात आणि विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर गळतात. केंद्र दुसऱ्याला चालवायला देऊ, हा विचार तर सोडूनच द्या. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार अभ्यासकेंद्र फ्रँचायझीवर चालवता येत नाही.

आरोग्य विद्यापीठ 1998 चं. इथल्या पदवीधराच्या हाती माणसाचा जीव असतो, म्हणून सवलतीला जागा फार थोडी. बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत किमान 80 टक्के हजेरी लागते, कारण कोणतंही असो. पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातली हजेरी 100 टक्के भरावी लागते. पालक आजारपणाचं प्रमाणपत्र घेऊन येतील, स्थानिक पुढारी फोन करतील. बैठकीत नसलेल्या रुग्णाचा हक्क त्या सगळ्यांच्या आधी येतो, आणि तसाच यायला हवा. संस्थेने करायचं ते वेगळं: बुडलेल्या ड्युट्यांची नोंद दर महिन्याला काढून त्या सुटीत भरून घ्यायच्या. वर्षाअखेरीस हिशेब काढला तर वॉर्ड मिळत नाही, मुली अडकतात आणि दोष विद्यापीठाला दिला जातो.

प्रवेश आणि शुल्कही आपल्या मर्जीचं नसतं. नर्सिंगचे प्रवेश सीईटीतून होतात, खासगी विनाअनुदानित कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. अभ्यासकेंद्राचं शुल्क विद्यापीठ ठरवतं. केंद्राला त्यातला वाटा मिळतो.

संस्थेचं स्वतःचं चालतं रुग्णालय नसेल, तर आमच्या मते नर्सिंगच्या वाटेला जाऊ नये. उसन्या खाटांवर विद्यार्थिनींना पुरेसे रुग्ण हाताळायला मिळत नाहीत. रुग्णालय आहे, पण रविवारी शिकवायला कुणी तयार नाही, अशा संस्थेने अभ्यासकेंद्राचा अर्ज करू नये. दोन्ही बाजू भक्कम असतील तर आधी अभ्यासकेंद्र घ्यावं. त्याला भांडवल कमी लागतं, आणि मागण्या आल्यावर आपली माणसं कशी वागतात हे पहिल्याच परीक्षेत दिसतं.