कामाची नोंदवही: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निष्कर्ष आधीच सांगायचा तर, दिवसभरात काय काय केलं याची यादी ठेवायला वेगळी वही नको. ते काम कॅलेंडर आणि ईमेल करतातच. वहीचं सोनं होतं ते अंदाज लिहून ठेवल्यावर. काम हाती घेण्याआधी किती वेळ लागेल, कुठे अडेल आणि असं का वाटतंय, हे दोन-तीन ओळींत लिहायचं. काम संपलं की त्याच नोंदीखाली प्रत्यक्षात काय झालं ते. निकाल कळल्यावर 'हे तर ठाऊकच होतं' असं वाटणं हा मनाचा जुना खेळ. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगांतून दाखवला होता. आठवणीतला अंदाज निकालाकडे सरकतो, कागदावरचा जागेवर राहतो.

वही ए-५ आकाराची (१४८ × २१० मिमी), शिवलेल्या बांधणीची, सपाट उघडणारी घ्यावी. स्पायरल असली की डाव्या पानावर लिहिताना हात अडतो. बॉलपेनला ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. शाईपेन वापरत असाल तर त्याहून जाड. पानांना क्रमांक घालून पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडा. प्रत्येक पानाचा उजवीकडचा एक तृतीयांश भाग कोराच ठेवायचा: तिथे नंतरची टिप्पणी येते, वेगळ्या रंगात. जुनं खोडायचं असेल तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

वेळेचे आकडे दोन लिहा, ही सर्वांत उपयोगी सवय ठरली. एक, प्रत्यक्ष हात लावून केलेल्या कामाचे तास; दुसरा, सुरुवातीपासून पूर्ण होईपर्यंतचे दिवस. 'अंदाज ४ तास, २ दिवस. लागले ५ तास, ९ दिवस' अशी नोंद पाहिली की काम अवघड नव्हतं, कुणाच्या तरी मंजुरीत अडकलं होतं, हे लगेच दिसतं. एकच आकडा लिहिला तर दोष स्वतःच्या वेगाला जातो आणि उपायही चुकीचा शोधला जातो. एकाच प्रकारच्या दहा-बारा नोंदी जमल्या की लागलेले तास भागिले अंदाजाचे तास असं गुणोत्तर काढा. अहवाल लिहिण्याचं आणि दुरुस्तीच्या कामाचं गुणोत्तर मात्र एकत्र करू नका. त्या सरासरीला काही अर्थ नसतो.

नोंद कधी करायची? काम सोडण्याआधी पंधरा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवलं की सगळ्यात आधी तीच बुडते. दिवस चुकले तर मागचे भरत बसू नका, आजची तारीख टाकून पुढे चला. आठवून लिहिलेल्या नोंदीत अंदाज नसतोच. 'मीटिंग ठीक झाली' यासारखी वाक्यं महिन्याने मुकी होतात. 'दराचा मुद्दा शेवटी घेतला, तोवर निर्णय घेणारे उठून गेले होते' हे कामाचं. रडगाणं चालेल, पण खाली 'पुढच्या वेळी काय करणार' ही ओळ हवीच.

शोधण्याच्या बाबतीत कागद हरतो, यात वाद नाही. कमांड, एररचा मजकूर, सेटिंग्ज साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. नावात वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की फाइली आपोआप तारखेने लागतात. पासवर्ड कुठेच नको, ग्राहकांची नावं आद्याक्षरांत. कार्यालयाच्या लॅपटॉपवरची फाइल खासगी समजू नका.

शिफ्टचं लॉगबुक आधीच असेल तरी ही वही वेगळी ठेवा. लॉगबुक इतर लोक वाचतात, त्यामुळे त्यात शंका कुणी लिहीत नाही, आणि शिकायचं नेमकं शंकांतून असतं.

आठवड्यातून अर्धा तास परत वाचण्याला द्यावा लागतो. तो देणं शक्य नसेल तर वही घेऊच नका. वही भरली की सगळं उतरवून काढायची गरज नाही: गुणोत्तरं आणि न सुटलेले प्रश्न तेवढे नव्या वहीच्या पहिल्या पानावर, आणि जुनीच्या पाठीवर पासून-पर्यंतच्या तारखा.